वजन, लांबी, डोक्याचा घेर

पहाटे ५.३०
मोठ्या पातेल्यात बाटल्या उकळतायत. मावशीची नजर घड्याळावर आहे. उकळी फुटल्यापासून दहा मिनिटं. मग चिमट्यानं एकेक बाटली बाहेर, स्वच्छ फडक्यावर उपडी.

नांदेडमधलं हे शिशुगृह. सरकारी कागदावर ‘विशेष दत्तक संस्था’. मंजुरी दहा लेकरांची, आज आठ आहेत. संस्थेचं नाव देत नाही. लेकरांची ओळख छापायला बाल न्याय कायद्यानंच बंदी आहे. मावशीनं स्वतःबद्दलही बजावलं, “माझं नाव नका टाकू. मावशीच म्हणा. नाव घेऊन कोण हाक मारतंय हितं?”

पावडरचा डबा उघडतो. तीस मिली पाण्याला एक चमचा, तोही सपाट. डोंगर केलेला चमचा चालत नाही, लेकराचं पोट कडक होतं. मावशी सुरीच्या पाठीनं चमचा सपाट करते, प्रत्येक वेळी. चारशे ग्रॅमचा डबा साडेचारशेच्या आसपास पडतो. चार किलोच्या लेकराला तो चार दिवस पुरतो, फार तर पाच. म्हणजे एका लेकराचे महिन्याला सात डबे. हिशोब तीन हजारांवर जातो. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून निर्वाहाला मिळतात मुलामागं महिना तीन हजार. त्यात लंगोट, साबण, तेल, वीज बसवायची. उरलेलं देणगीदार बघतात. वाढदिवसाला लोक केक घेऊन येतात. मावशीचं म्हणणं, “केक कोण खावा हितं? दात हायेत का कुणाला? डबा आणा म्हणावं.”

सकाळी ६.४५
रात्रपाळीची आया निघाली. जाताना तिनं वही पुढं सरकवली. शाळेची, शंभर पानी, रेघांची.

‘१.१० — ९० मिली प्याली. ओकली नाही. २.३० — शी. पिवळी, पातळ. ३.०० — रडली. कडेवर घेतली, थांबली. ४.२० — ८० मिली. झोपली.’

हे सगळं धाकटीबद्दल. तिला संस्थेनं दिलेलं एक नाव आहे, पण सगळ्या बाया तिला ‘धाकटी’च म्हणतात. वहीतलं अक्षर वाकडंतिकडं आहे, वेळा मात्र मिनिटाच्या हिशोबानं. सिस्टर ती वही पुढ्यात घेऊन मोठ्या रजिस्टरात नोंदी उतरवते.

सकाळी ७.१५
वजनाचा दिवस. काटा टेबलावर. त्यावर धुतलेला कपडा, मग बटण दाबून शून्य. लेकरू उघडं करून ठेवायचं. लंगोटासकट वजन घेतलं की पन्नास-शंभर ग्रॅमचा घोळ होतो, आणि या वयात शंभर ग्रॅम म्हणजे तीन-चार दिवसांची वाढ.

धाकटी ३ किलो ९१० ग्रॅम. बारा आठवड्यांपूर्वी दारातल्या पाळण्यात सापडली तेव्हा १ किलो ७८० होती.

मग लांबी. लाकडी फळी, एका टोकाला डोकं टेकवायचं, दुसऱ्या टोकाची पट्टी तळव्याला भिडवायची. याला दोघी लागतात. एकीनं डोकं धरायचं, एकीनं गुडघे सरळ करायचे. लेकराला हे अजिबात आवडत नाही. ५४ सेंटिमीटर. मग टेप डोक्याभोवती, भुवयांच्या वरून, मागच्या उंचवट्यावरून. ३८. सिस्टर टेप तीनदा लावते आणि सगळ्यात मोठा आकडा लिहिते.

आज धाकटीला दवाखान्यात न्यायचंय. मूल सापडलं की त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो, पोलीस शोध घेतात. दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल तर दोन महिन्यांत कुणी पुढं आलं नाही की बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी ‘मुक्त’ ठरवते. तो आदेश हातात पडला, की दहा दिवसांत दोन कागद दिल्लीच्या ‘कारा’च्या (केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण) संकेतस्थळावर चढवायचे असतात. एक मुलाचा अभ्यास अहवाल, दुसरा वैद्यकीय तपासणी अहवाल. धाकटीच्या आदेशाला आज चौथा दिवस.

सोबत दादूलाही न्यायचंय. दीड वर्षाचा. त्याचं काम वेगळं आहे.

सकाळी ८.३०
पिशवी भरली. दोन बाटल्या, थर्मासमध्ये उकळलेलं पाणी, डबीत मोजून भरलेली पावडर. चार लंगोट, दोन डायपर. डायपर फक्त दवाखान्याच्या दिवशी, दहा-बारा रुपयाला एक पडतं. टॉवेल, खुळखुळा, दादूसाठी बिस्किटचा पुडा. फाईल सिस्टरच्या काखेत. तिच्यात समितीचा आदेश, संस्थेचं पत्र, आधीचे सगळे रिपोर्ट.

रिक्षा स्पेशल. जाऊन-येऊन, थांबून साडेतीनशे. शेअर रिक्षानं माणशी वीसात काम भागलं असतं, पण कोंबलेल्या रिक्षात तीन महिन्यांचं लेकरू नको, असं सिस्टरचं म्हणणं. बाहेर भुरभुर पाऊस. मावशीनं धाकटीला पदराआड घेतलं.

वाटेत मी पगाराचं विचारलं. योजनेच्या तक्त्यात आयाला महिना ७,९४४ रुपये. नर्सला ११,९१६. अर्धवेळ डॉक्टरला ९,९३०. “अनुदान आलं की पगार,” मावशी म्हणाली. “नाई आलं तर उसनवारी.” तिची खोली भाड्याची. मुलगा प्लंबरच्या हाताखाली जातो. आठ वर्षं झाली तिला इथं. त्याआधी ती मोंढ्यात धान्य निवडायची.

सकाळी ९.१०
श्री गुरू गोविंदसिंगजी स्मारक जिल्हा रुग्णालय. केसपेपरची रांग. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरला पैसे लागत नाहीत. रांग मात्र लागते. आज ती दारापर्यंत आलीय.

खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं, “आईचं नाव?”

“शिशुगृहाचं हाय.”

मान वर झाली. मागच्या दोन-तीन बायांच्या मानाही वळल्या. एकीनं धाकटीच्या तोंडावरचा टॉवेल बाजूला करून पाहिलं आणि ‘अगं माय’ म्हणाली. मावशीनं टॉवेल परत ओढला. तिला हे नवीन नाही. रागही दिसला नाही तिच्या तोंडावर. खिडकीतल्या माणसानं आईच्या रकान्यात संस्थेचं नाव लिहिलं आणि पुढचा नंबर घेतला.

सकाळी ९.५०
बालरोग विभाग. डॉक्टर तरुण आहे. समोर फॉर्म पसरला. पानं बरीच आहेत. पहिल्याच पानावर त्याचं पेन अडखळलं.

जन्मतारीख: अंदाजे. जन्माच्या वेळचं वजन: माहीत नाही. गरोदरपणातला आजार: माहीत नाही. आईचा रक्तगट: माहीत नाही. कुटुंबात मधुमेह, फिट, मनोविकार: माहीत नाही. अर्धं पान ‘माहीत नाही’नं भरलं.

मग त्यानं पेन ठेवलं, हात धुतले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले. इथून पुढं मी नुसता बघत राहिलो.

टाळूवर बोटं. मऊ, सपाट, फुगलेली नाही, खोल गेलेली नाही. डोळ्यांत बॅटरीसारखं यंत्र धरलं. बाहुलीच्या आत तांबूस चमक दिसली पाहिजे. पांढरी दिसली तर मोतीबिंदू किंवा त्याहून वाईट. तांबूस दिसली. तोंडात बोट घालून टाळा चाचपला, आतून फाटलेला नाही ना. छातीवर नळी. चार ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी बराच वेळ. पोट. मग दोन्ही मांड्या दुमडून बाहेर फाकवल्या, खुब्यात कट्कन आवाज होतो का ते पाहिलं. पालथं करून पाठीच्या मणक्यावरून अंगठा फिरवला. कंबरेजवळ खड्डा, केसांचा पुंजका, काही नाही. शेवटी दोन्ही हात धरून हळूच उठवलं. मान मागं राहिली, मग जराशी सावरली.

“तीन महिन्यांच्या मुलानं मान धरायला पाहिजे,” मी म्हणालो. उगाच माहिती दाखवायला.

“ही तीन महिन्यांची नाही,” डॉक्टर म्हणाला. फाईल मागं उलटली. पाळण्यात सापडली त्याच दिवशी तिला विष्णुपुरीला हलवलं होतं. डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष. तिथं तळव्यावरच्या रेषा, कानाची पाळी, त्वचा बघून वय ठरवलेलं. साधारण चौतीस आठवड्यांची. म्हणजे दीड महिना आधीच आलेली. “तेवढा दीड महिना वजा करायचा. ही दीड महिन्याची धरा. मग मान, वजन, डोकं सगळं तक्त्यात बसतं.”

या एका वजाबाकीवर बरंच काही उभं आहे. ती केली नाही, तर फॉर्मवर ‘विकास मंद’ असे दोन शब्द पडतात. संकेतस्थळावर ते दिसतात आणि पालक पुढचं लेकरू बघायला जातात. लेकरू मागं पडलेलं नसतं. आधी आलेलं असतं.

विष्णुपुरीच्या त्या कक्षात ती तेवीस दिवस होती. २०२३च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला याच रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात होते. त्या वेळी देशभरातून कॅमेरे आले. ही तिथून वाचून, सातशे ग्रॅम घेऊन परतली, त्याची नोंद फक्त फाईलमध्ये आहे. वजन दोन किलोच्या आत असल्यामुळं तिथंच तिच्या डोळ्यांचा पडदा तपासला होता. कमी दिवसांच्या बाळात पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, वेळेत लेझर केलं नाही तर दृष्टी जाते. रिपोर्टवर ‘पडदा पूर्ण वाढलेला’ असं आहे. डॉक्टरनं ते वाक्य फॉर्ममध्ये जसंच्या तसं उतरवलं. कानाची तपासणी बाकी. त्यासाठी लेकरू झोपलेलं लागतं. सोमवार दिला.

पुढं प्रश्न आला, लेकरू ओळखीचं हसतं का?

डॉक्टरनं धाकटीकडं बघून चुटक्या वाजवल्या. तिनं जांभई दिली.

“तुमच्याकडं बघून कशाला हसंल?” मावशी म्हणाली. “परवापासनं हसालीय. दूध पिऊन झालं की. मी बोलले की.” सिस्टरनं वहीतलं पान काढून दाखवलं. परवाच्या तारखेला, सकाळी ६.१०: ‘हसली’. कालही दोनदा. डॉक्टरनं रकान्यात तारीख टाकली.

सकाळी १०.५५
रक्त. धाकटीच्या हाताची शीर दोऱ्याएवढी. तंत्रज्ञ बाई वयस्क, चष्मा कपाळावर. आधी हात मुठीत धरून गरम केला, मग बारीक सुई. जांभळ्या बुचाची नळी, लाल बुचाची नळी. हिमोग्लोबिन, थायरॉइड, कावीळ बी, सिफिलिससाठी व्हीडीआरएल. सिकलसेलसाठी वेगळं. किनवट-माहूर पट्ट्यात सिकलसेल आढळतो, आणि हे लेकरू कुठलं ते कुणालाच माहीत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात साध्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही, गर्भातलं हिमोग्लोबिन अजून रक्तात असतं. म्हणून नमुना मोठ्या यंत्राकडं जातो.

थायरॉइडचं महत्त्व वाटतं त्याहून जास्त. जन्मतः ग्रंथी काम करत नसेल तर मेंदूची वाढ थांबते, आणि वेळेत कळलं तर रोजच्या एका स्वस्त गोळीवर मूल चांगलं वाढतं. सापडलेल्या लेकराच्या बाबतीत ते वेळेत कळणं कुणाच्या तरी आठवणीवर अवलंबून. सिस्टरनं ही चाचणी विष्णुपुरीतही करून घेतली होती. आज पुन्हा.

धाकटी रडून लाल झाली. मावशीनं सुईची जागा दाबून धरली आणि तिथंच उभ्या उभ्या बाटली तोंडात दिली.

सकाळी ११.४०
दादूचं काम दुसऱ्या दाराशी. आयसीटीसी, म्हणजे एचआयव्हीची तपासणी नि समुपदेशन. इथं नावानं हाक मारत नाहीत, नंबर देतात.

दादू सापडला तेव्हा अंदाजे आठवडाभराचा होता. त्याच्या रक्तात एचआयव्हीविरोधी प्रतिपिंडं निघाली. घाबरणाऱ्यानं तिथंच घाबरावं अशी गोष्ट. पण ती प्रतिपिंडं आईची असतात. वारेतून लेकराच्या रक्तात उतरतात नि दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्यावरून एवढंच कळतं, की आईला लागण होती. लेकराला आहे की नाही हे बघायला थेट विषाणू शोधावा लागतो. सहाव्या आठवड्यात दादूच्या टाचेला टोचून जाड कागदी कार्डावरच्या पाच गोलांत रक्ताचे थेंब घेतले. कार्ड आडवं ठेवून निदान चार तास वाळवायचं. उन्हात नाही, पंख्याखाली नाही, एकावर एक ठेवून नाही. मग पाकिटात ओल शोषणाऱ्या पुड्या घालून बंद. सिस्टरला आठवतं, कार्ड वाळता वाळेना. तो रिपोर्ट निगेटिव्ह. सहा महिन्यांनी पुन्हा, तोही निगेटिव्ह. पण शेवटचा शिक्का अठरा महिन्यांनंतरच.

त्या अठरा महिन्यांत दादू बसायला लागला, रांगला, चालला. संस्थेच्या शेजारच्या देवळातल्या घंटेला हात पुरवायला शिकला. दोन जोडपी फाईलपर्यंत आली नि त्या ओळीपाशी थांबली. कायदा थांबवत नाही. लागण असलेलं मूलही दत्तक देता येतं, त्यासाठी विशेष गरजा असलेल्या मुलांची वेगळी यादी आहे. माणसं थांबतात. त्यांना बोल लावायचा अधिकार मला नाही. पण फॉर्म नीट वाचून देणारा कुणी शेजारी बसला असता, तर त्या दोघांतलं एक जोडपं थांबलं नसतं, असं मला वाटतं.

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात हासेगाव आहे. रवी बापटले यांनी २००७मध्ये तिथं ‘सेवालय’ सुरू केलं, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी. सुरुवातीला गावाचा कडवा विरोध झाला, या मुलांसोबत आपली मुलं शाळेत बसवायला पालक तयार नव्हते. आज महाराष्ट्रभरातून लोक तिथं जातात. समुपदेशक बाई सेवालयात जाऊन आलेली. ती म्हणाली, “तिथली पोरं ढोल वाजवतात, शेती करतात, गोळी घेतात. संपलं.”

दादूच्या बोटाला टोचलं. तो रडला नाही. कापूस बघत बसला.

दुपारी १२.३०
अर्ध्या तासात पट्टी वाचून झाली. समुपदेशक बाईनं कागद सिस्टरला दिला. नॉन-रिॲक्टिव्ह. अठरा महिने पूर्ण, प्रतिपिंडं नाहीत.

सिस्टरनं कागदाचा मोबाईलवर फोटो काढला, फाईलला लावला. मावशीनं विचारलं, “म्हणजे नाईच ना?” “नाहीच.” मावशीनं दादूच्या हातात बिस्किट दिलं. मग दुसरंही दिलं.

दुपारी १.२०
परत. रिक्षावाल्यानं थांबल्याचे पन्नास जास्त मागितले, वीसात मिटलं. जेवण. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मावशी जेवताना पायानं पाळणा हलवते. भाकरी अर्धी झाली की उठून एकाचं लंगोट बदलते, हात धुते, परत बसते. हे तीनदा झालं.

दुपारी ३.१०
लातूरचं जोडपं आलं. एसटीनं आले, चाकूर, अहमदपूर, लोहा करत. तिचं अर्धं तिकीट, त्याचं पूर्ण. तो डाळमिलमध्ये हिशेब बघतो. ती घरी शिवणकाम करते. नोंदणी करून साडेतीन वर्षं झालेली. संकेतस्थळावर लेकरू दिसलं की अठ्ठेचाळीस तासांत राखून ठेवायचं असतं. त्यांनी दोन तासांत ठेवलं.

लेकरू म्हणजे सात महिन्यांची ‘मोठी’. तिचा अहवाल त्यांनी आधीच छापून नेला होता. भावी पालकांना मुलाचा वैद्यकीय अहवाल आपल्या पसंतीच्या डॉक्टरला दाखवता येतो, नियमांतच तशी तरतूद आहे. बरेच जण ते करत नाहीत. संकोचतात, किंवा दाखवलं म्हणजे आपला विश्वास कमी असं समजतात. यांनी लातुरात दाखवला. त्या डॉक्टरनं एका ओळीला निळ्या पेननं गोल केला होता.

“छातीत आवाज म्हणून लिहिलंय,” तो म्हणाला. कागद त्यानं दोन्ही हातांनी धरलेला. “इकोत बारीक छिद्र. डॉक्टर बोलले, घाबरू नका, पण दुसरा इको मागा.”

सिस्टरनं ड्रॉवर उघडला. दुसरा इको झालेला होता, गेल्या आठवड्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, फुकट. छिद्र बंद. कागद संकेतस्थळावर चढायचा राहिला होता. तिनं झेरॉक्स दिली. त्यानं मोबाईलवर फोटो काढून लातूरला धाडला, आणि उत्तर येईपर्यंत चहा प्यायला नाही.

बायको मधेच हळू आवाजात म्हणाली, “तिच्या आईचं काही कळालं नाई का?”

“नाही.”

“माझी सासू विचारालती. दुखणं-बिखणं काही असंल तर.”

“आम्हालाही माहीत नाही, ताई. जे बघता येतं ते सगळं बघितलंय.” सिस्टरनं यापुढं काही सांगितलं नाही. सासूबाईंना काय सांगायचं ते सांगणं तिचं काम नव्हे. मला वाटतं तिनं बरं केलं.

मग मोठीला आणलं. बाईनं हात पुढं केले. मोठीनं ओठ काढला नि भोकाड पसरलं. बाईचा चेहरा पडला. मावशीनं घेतल्यावर रडणं थांबलं.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर याच गोष्टीचे प्रश्न आहेत. सांभाळणारी जवळ आली की लेकरू हसतं का? तिनं उचललं की लवकर शांत होतं का, की कुणीही उचललं तरी सारखंच? १९९३च्या हेग करारानंतर देशोदेशींच्या दत्तक अहवालांत हे प्रश्न आले. भारतानं तो करार २००३मध्ये मान्य केला. रक्ताचा एकही थेंब न घेता होणारी ही तपासणी, आणि तिचं उत्तर मावशीशिवाय कुणी देऊ शकत नाही. परक्याकडं बघून रडणारं सात महिन्यांचं लेकरू म्हणजे एका माणसाला ओळखायला शिकलेलं लेकरू. कुणाच्याही कडेवर निमूट जाणाऱ्याची काळजी करायची.

सिस्टरनं हे बाईला समजावलं. बाईनं डोळे पुसले. मग पिशवीतनं खुळखुळा काढला, पण मोठीच्या हातात दिला नाही. खाली जमिनीवर बसली, लांब, आणि स्वतःच वाजवत राहिली. वीस मिनिटांनी मोठी रांगत तिच्याकडं गेली. नवऱ्याचा फोन वाजला, तो बाहेर गेला. आत आला तेव्हा त्यानं थंड झालेला चहा एका घोटात संपवला. “घ्या म्हणाले डॉक्टर,” एवढंच बोलला.

सायंकाळी ५.१५
ऑफिस. संगणक जुना. वीज एकदा गेली, एकदा आली. समन्वयक दादूचा रिपोर्ट स्कॅन करून चढवतोय. धाकटीचे रक्ताचे निकाल आल्यावर तिचा फॉर्म जाईल. दहा दिवसांतले सहा उरलेत, सोमवारी कान. मोठीच्या जोडप्यानं सह्या केल्या. आता दत्तक समितीची बैठक, मग काही दिवस ती त्यांच्याकडं प्रतिपालनात. आदेश जिल्हाधिकारी काढतात. २०२२च्या सप्टेंबरपर्यंत हे काम कोर्टात होतं.

दादूच्या अहवालातली जुनी ओळ पुसली जात नाही. तिच्याखाली आजची ओळ येते. वाचणाऱ्यानं दोन्ही वाचायच्या.

सायंकाळी ७.३०
सांजेचं दूध. मालिश सकाळीच उरकलेली. धाकटी १०० मिली प्याली. सुईची जागा हिरवी पडलीय, मावशीनं वहीत तेही लिहिलं. तिचं अक्षर रात्रीच्या आयेपेक्षा बरं आहे. चौथी पास.

रात्री ८.००
जायच्या आधी मावशी दारातला पाळणा झाडते. फाटकाच्या आत, छपराखाली, लोखंडी, वर घंटा. चादर बदलते. दमट झाली असेल तर मुंग्या येतात.

मी विचारलं, पाळण्यात लेकरासोबत काय काय सापडतं?

“काळा दोरा. ताईत. दुधाची बाटली. एकदा हळद-कुंकू लावलेलं, नवं झबलं घातलेलं. पैसे, दोनदा. धाकटीच्या नाळेला दवाखान्याचा चिमटा व्हता. म्हणजे दवाखान्यातच झाली की ती. तिथं वजन केलं असंल, आईचं रक्त बघितलं असंल, लस टोचली असंल. ते समदं एका कागदावर असतंय. कागद काही कुणी ठेवत नाई.”

नोंद नसली की डॉक्टर लस दिलेलीच नाही असं धरून चालतात. दादूच्या आईचा कागद असता, तर पहिल्याच दिवशी औषध सुरू करता आलं असतं. धाकटीचं वय तळव्यावरच्या रेषा मोजून ठरवावं लागलं नसतं.

म्हणून मावशीचा निरोप तिच्याच सांगण्यावरून इथं देतो. मूल सांभाळता येणार नसेल तर बालकल्याण समितीपुढं रीतसर सोपवता येतं. नाव गुप्त राहतं आणि मन बदलायला साठ दिवस मिळतात. १०९८ हा फोन दिवसरात्र चालू असतो. तेही जमणार नसेल आणि पाळण्यातच ठेवायचं असेल, तर दवाखान्याचा कागद सोबत ठेवा. नाव-गाव फाडून टाका हवं तर. वजन, तारीख, रक्ताचे रिपोर्ट तेवढे राहू द्या.